आमच्या जिल्ह्यात पोरं रिकामी बसलीत, मग बेरोजगारी 3 टक्केच कशी? जिल्ह्याचा खरा आकडा कसा काढायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही बीडचे. गावात पदवीधर मुलं कट्ट्यावर बसलेली दिसतात, आणि सरकारी अहवालात महाराष्ट्राची बेरोजगारी जेमतेम 3 टक्के. आकडा खोटा आहे का, आणि आपल्या जिल्ह्याचा वेगळा काढता येईल का?

आकडा खोटा नाही. पण तुम्हाला जे विचारायचंय, ते तो मोजत नाही.

हा आकडा केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणातून, म्हणजे पीएलएफएसमधून येतो. श्रमबल म्हणजे काम करणारे आणि काम शोधणारे मिळून; त्यात बेरोजगार किती, हा बेरोजगारीचा दर. 2023-24 च्या (जुलै 2023 ते जून 2024) अहवालात महाराष्ट्र 3.3 टक्के आहे. त्याच तक्त्यात केरळ 7.2, गोवा 8.5, बिहार 3.0 आणि मध्य प्रदेश 1.0. गोव्यातल्यापेक्षा मध्य प्रदेशातल्या तरुणाचं बरं चाललंय, असं कोणी म्हणणार नाही. घरात कमावतं कोणी असेल, तरच माणूस मनासारख्या नोकरीची वाट बघत बसू शकतो. ज्याच्या घरी चूल त्याच्याच मजुरीवर पेटते तो मिळेल ते काम धरतो आणि ‘रोजगारात’ मोजला जातो. म्हणून नुसता बेरोजगारीचा दर बघून जिल्ह्याची तब्येत कळत नाही.

आता मोजणी कशी होते ते बघा, कारण सगळी मेख तिथेच आहे. 3.3 हा ‘नेहमीच्या स्थिती’चा दर आहे. मागच्या 365 दिवसांत जास्त काळ माणूस काय करत होता, ही त्याची मुख्य स्थिती. त्याशिवाय वर्षात 30 दिवस किंवा जास्त दुसरं काही काम केलं असेल तर ती दुय्यम स्थिती. दोन्हींपैकी कुठेही काम सापडलं की माणूस रोजगारात.

एक मुलगा घ्या. बी.ए. झालाय, भरतीचे फॉर्म भरतो, वर्षातले नऊ-दहा महिने अभ्यास करतो. पण सोयाबीनची पेरणी, खुरपणी आणि काढणी मिळून 35 दिवस वडिलांच्या शेतात राबतो. सर्वेक्षणात प्रत्येक स्थितीला क्रमांक असतो. मुख्य स्थितीत तो 81, म्हणजे काम शोधणारा. दुय्यम स्थितीत 21, म्हणजे घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारा. दोन्ही एकत्र धरले की तो बेरोजगारांच्या यादीतून गेला. तोच मुलगा एखाद्या कॉलेजात नावापुरता एम.ए.ला असेल आणि चौकशीत ‘शिकतोय’ एवढंच सांगितलं गेलं, तर 91, म्हणजे विद्यार्थी. मग तो श्रमबलातच नाही. उत्तर बऱ्याचदा घरातलं दुसरंच कोणी देतं, त्यामुळे हा फरक बारीक नाही.

आणि हा 21 नंबर फुगत चाललाय. देशातल्या कामकऱ्यांत बिनपगारी मदतनीसांचं प्रमाण 2017-18 मध्ये 13.6 टक्के होतं, 2023-24 मध्ये 19.4 झालं. याच काळात बेरोजगारी 6.0 वरून 3.2 वर आली, आणि पगारी नोकरीतल्यांचं प्रमाण 22.8 वरून 21.7 वर. शेतीतला वाटा 44.1 वरून 46.1. दर उतरला तो पगारी नोकऱ्यांचा वाटा वाढल्याने नव्हे, हे इथेच कळतं. माझ्या मते मराठवाड्यासाठी सगळ्यात आधी बघायचा आकडा हा बिनपगारी मदतनीसांचाच, आणि बातम्यांत नेमका तोच येत नाही.

ऊसतोडीचं वेगळं. कोयता ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतो, मार्च-एप्रिलला परततो. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडण्यात सहा महिने जातात. पुढचे महिने हाताला जेमतेम काम, तरी नेहमीच्या स्थितीत तो माणूस वर्षभर ‘रोजगारात’. शिवाय हंगामात गावातल्या घराला कुलूप असतं, त्यामुळे त्या तिमाहीत गावात जे उरलेत त्यांचीच माहिती येते. म्हणून बीडसारख्या भागासाठी ‘चालू आठवड्याची स्थिती’ तिमाहीवार बघा. त्यातही मागच्या 7 दिवसांत 1 तास काम केलं तरी रोजगारच धरतात, पण हंगामाचा चढउतार निदान दिसतो.

आता प्रत्यक्ष कृती. सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा संकेतस्थळावर नोंदणी करा, फुकट आहे. 2023-24 च्या चार फायलींपैकी ‘व्यक्ती, पहिली भेट’ एवढीच घ्या. त्यात देशभरातल्या सुमारे 4 लाख 18 हजार व्यक्ती आहेत. पुन्हा भेटीची फाइल जोडू नका. ती शहरी घरांचीच आहे, तीच माणसं दुसऱ्यांदा मोजली जातात. फाइल नुसत्या आकड्यांच्या ओळींची असते, सोबतच्या लेआउटप्रमाणे (कोणता रकाना कुठून कुठपर्यंत, याची यादी) रकाने तोडावे लागतात. त्यासाठी आर किंवा स्टाटा हे सॉफ्टवेअर वापरा.

इथे बहुतेकांचं चुकतं ते वजनात. प्रत्येक ओळीला मल्टिप्लायर, म्हणजे वजन असतं: ती एक व्यक्ती किती लोकांच्या जागी धरायची, ते. फाइलमधल्या एनएसएस आणि एनएससी या नावांच्या दोन रकान्यांतले आकडे सारखे असतील तर मल्टिप्लायरला 100 ने भागायचं, नसतील तर 200 ने, आणि मग तिमाहींच्या संख्येने. वय 15 आणि त्यावरचे घ्या, राज्य क्रमांक 27 (महाराष्ट्र) एवढाच ठेवा, आणि आधी महाराष्ट्राचा 3.3 जुळतो का ते बघा. तो जुळल्याशिवाय पुढे जाऊच नका.

फाइलमध्ये जिल्ह्याचा क्रमांक आहे, म्हणून लगेच बीडचा दर काढायचा मोह होतो. समजा जिल्ह्यातून श्रमबलातली 300 माणसं आली आणि त्यात 12 बेरोजगार, म्हणजे 4 टक्के. साध्या हिशेबानेही खरा दर 1.8 ते 6.2 च्या दरम्यान कुठेही असू शकतो, आणि एकाच गावातली घरं सारखी असल्याने प्रत्यक्षात याहून जास्त पसरतो. म्हणून जिल्ह्याऐवजी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचा (यालाही एनएसएस म्हणतात) प्रदेश, म्हणजे काही जिल्ह्यांचा गट घ्या. महाराष्ट्राचे सहा आहेत; अंतर्गत मध्य म्हणजे मराठवाड्याचे आठही जिल्हे. दोन-तीन वर्षं एकत्र करा आणि वजनाला तितक्याने भागा. जानेवारी 2025 पासून पीएलएफएसची नमुना रचना बदलली, जिल्हा हाच पायाभूत घटक झाला आणि घरं वाढून पावणेतीन लाखांच्या आसपास गेली. जिल्ह्यासाठी पुढे हीच मालिका उपयोगी पडेल, पण तिचे आकडे जुन्या मालिकेला सरळ जोडू नका.

रोजगार कार्यालयातली नोंदणी बेरोजगारांची मोजणी म्हणून वापरू नका. ती ऐच्छिक आहे. नोकरी लागलेला नाव काढत नाही, गरजू नाव घालत नाही. भविष्य निर्वाह निधीचे आकडेही जपून. मुख्यत: 20 वा जास्त कामगारांच्या आस्थापना त्यात येतात, आणि कंपनीचा कोड मुंबईचा असेल तर बाहेर काम करणारेही मुंबईच्या खात्यात दिसू शकतात.

मराठवाड्यासाठी तीन तक्ते काढा. 15 ते 29 वयात मुख्य स्थितीतच 81 किती (दुय्यम न धरता). कामकऱ्यांत 21 किती, बाई-पुरुष वेगळे. आणि 31, म्हणजे नियमित पगारी, किती व त्यांचा महिन्याचा पगार काय. तेच तीन तक्ते अंतर्गत पश्चिम, म्हणजे पुणे-कोल्हापूर-नगर पट्ट्यासाठी काढून शेजारी ठेवा. कुठे अडलात तर कोणत्या रकान्यावर अडलात ते खाली लिहा, बघून सांगतो.