फियाटच्या सीटचे स्टड तुटले, आता काय?

प्रश्न: काका, बाबांची जुनी फियाट घरीच रिस्टोअर करतोय. ड्रायव्हर सीट काढताना रेलचे (सीट ज्यावर पुढेमागे सरकते ती पट्टी) चारपैकी दोन स्टड, म्हणजे रेल फ्लोअरला धरून ठेवणारे बोल्ट, तुटले, एक तर पान्यासोबत नुसता गोल फिरत होता आणि कट्कन गेला. गॅरेजवाला म्हणतो सीट जागेवर ठेवून डायरेक्ट वेल्डिंग मारतो. मारू का?
(एक वाचक, कोपरी, ठाणे)

उत्तर: अजिबात नको! उद्या रेल काढायची झाली तर ग्राइंडर लागेल, शिवाय सीटचा फोम आणि मॅट पेटायला एक ठिणगी पुरते. रेल बाहेर काढ, तुटलेल्या स्टडचं डोकं आतून ग्राइंड करून ठोकून पाड आणि त्याच भोकात नवीन बोल्ट आतून घाल, पण चपट्या डोक्याचा, नाहीतर वरची रेल त्याला घासून अडकते आणि सीट पुढेमागे सरकतच नाही (मी स्वतः एकदा हे करून बसलोय, सगळं परत उघडलं). बोल्ट हाय टेन्साइल (जास्त ताण सोसणारा), डोक्यावर ८.८ हा ताकदीचा ग्रेड कोरलेला बघून घे, आणि जुन्या नटाने आटे जुळतात का ते हाताने फिरवून बघ. स्टेनलेसचा चकचकीत घेऊ नकोस, साधा ए२-७० (स्टेनलेस बोल्टचा नेहमीचा ग्रेड) ८.८ पेक्षा कमी ताकदीचा असतो. खालून जाड वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला, सैल न होणारा), नवाच. दुकानात नाही मिळालं तर कुर्ल्याला सीएसटी रोडच्या गाड्यांच्या पार्ट्सच्या बाजारात चक्कर मार.

आणि हो, मॅट उचलून फ्लोअरला स्क्रूड्रायव्हर टोचून बघ. आपल्याकडच्या पावसात पाणी तिथेच साचतं, पत्रा भुसभुशीत असेल तर आधी तो बदल.