संथ कोड फेकू नकोस

प्रिय,

कणांमधली बलं काढून त्यांची हालचाल दाखवणारा तुझा कोड वाचला. हजार कणांवर झकास पळतो, दहा लाखांवर बसतो. त्यावर उपाय म्हणून तू मोठा संगणक मागितलास. थोडा हिशेब करू. दहा लाख कणांत प्रत्येकाचं प्रत्येकाशी बल काढायचं तर जवळपास 50,000 कोटी जोड्या. सेकंदाला 100 कोटी उरकल्या तरी काळाच्या एका पावलाला आठ मिनिटं, हजार पावलांना सहा दिवस. संगणक दहापट वेगवान घेतलास आणि कणही दहापट केलेस, तर आत्तापेक्षा दहापट जास्त वेळ लागेल!

1986 मध्ये बार्न्स आणि हट या खगोलशास्त्रज्ञांनी दूरच्या कणांचे पुंजके करून हे काम बरंच हलकं केलं. पुढच्याच वर्षी ग्रीनगार्ड आणि रोखलिन या गणितज्ञांची फास्ट मल्टिपोल मेथड आली. त्यात पुंजका थेट पुंजक्याशी बोलतो, आणि खर्च कणांच्या संख्येच्या सरळ प्रमाणात येतो.

मला त्यातली आवडती गोष्ट वेगळीच आहे. सपाट पृष्ठभागावर काही विद्युतभार एका वर्तुळात आहेत आणि तू केंद्रापासून त्रिज्येच्या दुप्पट अंतरावर आहेस असं धर. त्यांचा एकत्रित परिणाम मालिकेत मांडलास, तर दर पदागणिक चुकीची कमाल मर्यादा निदान निम्मी होते. वीस पदं घेतलीस की एकूण भाराच्या मानाने चूक दहा लाखांत एक भागाच्या आसपास. आत शंभर भार असोत की कोटी, पदं वीसच! काय गाळायचं आणि गाळल्याने किती बिघडेल, दोन्ही आधीच ठाऊक. नुसतं गाळणं कुणालाही जमतं.

म्हणून ताडून पाहायला जुना दुहेरी लूपवाला, म्हणजे प्रत्येक जोडी थेट मोजणारा, कोड ठेव. माझ्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये मालिकेचं केंद्र सरकवताना एका पदाचं चिन्ह उलटं पडलं होतं. चित्रं सुरेख यायची, म्हणून दोन महिने मी खुशीत होतो. मग हजार कणांवर थेट बेरजेशी ताडून पाहिलं. पाचाची दहा पदं केल्यावर चूक साधारण तीसपट घटायला हवी होती. ती जागची हलेना.

तू तेच कर. फक्त कण एकसारखे पसरू नकोस, त्यात सगळं खपून जातं. अर्धे एका कोपऱ्यात कोंब. पदं वाढतील तशी चूक किती उतरते, तो आलेख पाठव. संगणकाचं मग बघू.

तुझा,
सर