डोस चुकता चुकता राहिला, म्हणून नर्सिंग सोडावे का?

प्रश्न : मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फार्माकॉलॉजीतील औषधांची नावे पाठ करूनही लक्षात राहत नाहीत आणि गणिताची धास्ती तर शाळेपासूनच आहे. गेल्या महिन्यात मुलांच्या वॉर्डमध्ये एका बाळाला १२० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल द्यायचे होते. रोजच्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम औषध असते, म्हणून मी सवयीने ५ मिलिलिटर काढले. त्या दिवशी मात्र बाटली ५ मिलिलिटरला २५० मिलिग्रॅमची होती. सिस्टरांचे लक्ष गेले म्हणून टळले. तेव्हापासून औषधांची ट्रॉली पाहिली की हात थरथरतात. नर्सिंग सोडून लॅब टेक्नॉलॉजीकडे वळावे, असे वाटू लागले आहे. काय करू?

उत्तर : तुझे पत्र मी दोनदा वाचले. त्या बाळाला दुपटीहून अधिक डोस गेला असता, ही गोष्ट तू कुठेही सौम्य करून लिहिलेली नाहीस, कुणावर ढकललेली नाहीस, आणि नेमके काय चुकले तेही तुला ठाऊक आहे. म्हणून प्रवेश बदलण्याचा विचार करण्यापूर्वी त्या चुकीकडे आपण नीट पाहू. ती गणिताची चूक नव्हती. १२० भागिले २५० गुणिले ५, म्हणजे २.४ मिलिलिटर, हा हिशेब तू घरी बसून करून पाहिला असशीलच आणि तो तुला आलाही असेल. तू त्या दिवशी हिशेब केलाच नाहीस, कारण लेबल वाचण्याआधीच हाताने उत्तर ठरवले होते. गणित कच्चे असणे आणि लेबल न वाचणे हे दोन वेगळे दोष आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ हे पाच नियम तुला तोंडपाठ असतील. परीक्षेत त्यांचे गुण मिळतात, पण वॉर्डमध्ये ते कृतीत उतरले तरच उपयोगाचे. कपाटातून औषध घेताना, ते काढताना किंवा ओतताना आणि रुग्णाजवळ देण्याआधी, असे तीनदा लेबल वाचायचे आणि डॉक्टरांच्या आदेशाशी ताडून पाहायचे. सुरुवातीला ते पुटपुटत वाच. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. रुग्णाला ‘तुम्हीच अमुक ना?’ असे विचारू नये, कारण ग्लानीतला किंवा घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. त्याला स्वतःचे नाव सांगायला लावावे आणि नोंदणी क्रमांक ताडावा, खाटेच्या क्रमांकावर कधीही विसंबू नये. औषध काढताना कुणी मध्येच हाक मारली, तर परत आल्यावर जिथे थांबलो तिथून नव्हे, पहिल्यापासून सुरुवात करावी. दुसऱ्याने भरून ठेवलेली, लेबल नसलेली सिरिंज कितीही घाई असली तरी रुग्णाला देऊ नये.

लिहिण्याची शिस्तही इथेच येते. अर्धा मिलिग्रॅम ‘०.५’ असाच लिहावा, नुसते ‘.५’ नको, कारण बिंदू पुसट झाला की त्याचे पाच होतात. आणि पाच लिहिताना ‘५.०’ नको, कारण तोच बिंदू दिसला नाही तर पन्नास वाचले जातात. इन्सुलिनच्या आदेशात ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा, कारण नुसते इंग्रजी आद्याक्षर ‘U’ घाईत शून्यासारखे दिसते आणि डोस दसपट होतो. रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनच्या व्हायल, म्हणजे इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या, मिलिलिटरला १,००० युनिटच्याही असतात आणि ५,००० युनिटच्याही. तुझ्या सिरपच्या बाबतीत जे घडले, तेच तिथे रक्तस्रावापर्यंत नेऊ शकते, म्हणून अशा जोखमीच्या औषधांचा हिशेब दोघींनी स्वतंत्रपणे करून मग उत्तरे जुळवावीत, हा माझा आग्रह आहे.

आता गणिताबद्दल. नर्सिंगमध्ये लागणारे बहुतेक गणित गुणाकार, भागाकार आणि एककांचे रूपांतर यांत सामावते. ५०० मिलिलिटर सलाइन ४ तासांत द्यायचे आहे आणि सलाइनची नळी, म्हणजे सेट, मिलिलिटरला १५ थेंबांचा आहे, तर ५०० गुणिले १५ भागिले २४० मिनिटे, म्हणजे मिनिटाला साधारण ३१ थेंब. हेच मायक्रोसेटवर, जिथे मिलिलिटरला ६० थेंब असतात, मिनिटाला १२५ होतील. रोज अशी पाच उदाहरणे सोडव, आणि प्रत्येक वेळी आकडेमोडीपूर्वी अंदाजाने उत्तर सांग. अंदाज २ मिलिलिटरचा असताना उत्तर २० आले, तर तिथेच थांबण्याची सवय लागते, आणि माझ्या मते ही सवय झटपट भागाकार येण्यापेक्षा मोलाची आहे.

नावे लक्षात राहत नाहीत, कारण बहुधा तू ती एकेकटी पाठ करतेस. औषधे गटाने शिक. ‘ओलॉल’ने संपणारी बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाची गती आणि रक्तदाब कमी करणारी, ‘प्रिल’ने संपणारी एसीई इन्हिबिटर, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब उतरवणारी, ‘सार्टान’ने संपणारी त्यांच्यासारखेच काम करणारी. गट कळला की काम, दुष्परिणाम आणि देण्यापूर्वी काय तपासायचे, हे बरेचसे हाती येते. त्यापुढे जाऊन औषधांचे एकमेकांशी असलेले नाते पाहा. हृदयाच्या एका रुग्णाला हृदयाचे आकुंचन बळकट करणारे डिगॉक्सिन आणि लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड दोन्ही चालू आहेत, असे समज. फ्युरोसेमाइडने लघवीवाटे पोटॅशियम जाते, पोटॅशियम घटले की डिगॉक्सिनची विषबाधा लवकर होते, म्हणून डिगॉक्सिनपूर्वी हृदयाचे ठोके पूर्ण एक मिनिट मोजायचे, प्रौढात ते ६० च्या खाली असतील तर औषध थांबवून डॉक्टरांना कळवायचे, पोटॅशियमचा रिपोर्ट पाहायचा, आणि रुग्ण मळमळ होत असल्याची किंवा डोळ्यांना सगळे पिवळे दिसत असल्याची तक्रार करतो का याकडे कान द्यायचा. ही साखळी एकदा समजली की ती पाठ करावी लागत नाही. प्रत्येक पोस्टिंगमध्ये तुझ्या वाट्याच्या एकाच रुग्णाची सगळी औषधे अशी उलगडून वहीत लिहीत जा.

हात थरथरण्याविषयी थोडे स्पष्ट लिहितो. तुझी भीती मला अपात्रतेची खूण वाटत नाही. मात्र त्या भीतीपोटी तू औषधे देणे टाळू लागलीस, किंवा घडलेले लपवू लागलीस, तर ती खरोखर घातक ठरेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधोपचारातील टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे आवाहन केले, तेव्हा व्यक्तीइतकाच व्यवस्थेचाही विचार होता. एकाच कपाटात दोन शक्तींचे सिरप शेजारी शेजारी असणे, हा व्यवस्थेचा दोष आहे आणि तो तुझ्यामुळे उघड झाला. टळलेली चूकही नोंदवायची असते. ती नोंदली गेली नसेल, तर शिक्षिकांना सांगून आताही नोंदव.

लॅब टेक्नॉलॉजी हे चांगले क्षेत्र आहे, पण गणित टाळण्यासाठी तिकडे जाऊ नकोस. द्रावणे विरळ करताना तिथेही हेच प्रमाण मांडावे लागते आणि नमुन्यावरचे लेबलही तितक्याच काळजीने वाचावे लागते. उलट औषधांची समज पक्की झालेल्या नर्सला अतिदक्षता विभाग, कर्करोग उपचार, क्लिनिकल ट्रायल, म्हणजे नव्या औषधांच्या चाचण्या, आणि फार्माकोव्हिजिलन्स, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवरची देखरेख, अशा वाटा पुढे खुल्या असतात. त्यांचा विचार आज करण्याची मात्र गरज नाही.

आधी त्या सिस्टरांना भेट आणि पुढच्या पोस्टिंगचे पहिले आठ दिवस त्यांच्या किंवा शिक्षिकांच्या नजरेखाली औषधे देण्याची परवानगी माग. तोपर्यंत दुसऱ्या प्रवेशाचा अर्ज भरू नकोस. आठ दिवसांनंतर हात थरथरले तरी लेबल तीनदा वाचले जात असेल, तर नर्सिंगमध्येच राहा. त्यानंतरही ट्रॉलीजवळ जाणेच अशक्य वाटत असेल, झोप उडत असेल, तर कॉलेजच्या समुपदेशकांना भेट, आणि मग शांतपणे ठरव.