सैन्यभरतीआधी वजनकाट्यावर उभं राहताना

बाळा, परवा बसस्टँडवरच्या मशीनवर आणि काल आडत दुकानातल्या काट्यावर वजन केलंस, अन् दोन किलोचा फरक बघून जेवण तोडलंस. असं करू नकोस. काटा एकच धर. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, चड्डी-बनियनवर उभा राहा. काटा फरशीवर ठेव. सारवलेल्या जमिनीवर तो डुगडुगतो आणि आकडा चुकतो. आठवड्यातून एकदा वहीत लिही.

सैन्यात वजन उंची आणि वयाच्या प्रमाणात बघतात. तुझी उंची १७० सेंमी, वजन ६२ किलो. ६२ ला १.७० च्या वर्गाने भागलं की साधारण २१.५ येतं. यालाच बीएमआय म्हणतात, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते. चांगलं आहे, कमी करायची गरजच नाही. छाती मात्र फुगवल्यावर ५ सेंमी वाढलीच पाहिजे, त्यासाठी रोज श्वासाचा सराव कर.

आमच्या बॅचचा एक पोरगा वजन उतरवायला आदल्या दिवशी पाणीच प्यायला नाही. १६०० मीटरच्या तिसऱ्या फेरीत पोटऱ्यांत गोळे आले, तिथेच बसला. त्याचं तोंड मला अजून आठवतं. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन तर विचारूच नकोस. पहाटे पाचला धाव आणि पाण्याची बाटली जवळ ठेव. ज्वारीची भाकरी, शेंगदाणे, भिजवलेले हरभरे पोटभर खा. वडापाव, कोल्ड्रिंकच्या बाटल्या बंद.

आणि भरती झालास तरी वही फेकू नकोस, तिथंही दरवर्षी मेडिकल असतं.