जुलाब होत असताना उसाचा रस द्यावा का?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचे वय ७० आहे. गेल्या आठवड्यात त्यांना दोन दिवस जुलाब होत होते आणि जेवण जात नव्हते. रस थंड असतो, पोटाला आराम पडतो, अंगात ताकद राहते, असे शेजारच्या काकूंनी सांगितल्यावरून आम्ही नाक्यावरच्या रसवंतीतून त्यांच्यासाठी उसाचा रस आणत होतो. मात्र जुलाब थांबण्याऐवजी वाढले. हे रसामुळे झाले असेल का? पुढे काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : रसामुळे जुलाब वाढले असण्याची शक्यता बरीच आहे, तेच एकमेव कारण होते, असे मात्र रुग्णाला तपासल्याशिवाय म्हणता येणार नाही. उसाच्या १०० मिलिलिटर रसात साधारणपणे १३ ते १५ ग्रॅम साखर असते, म्हणजे मोठ्या ग्लासातून ३० ग्रॅमहून अधिक साखर एकाच वेळी पोटात जाते. आजारी आतड्याला एवढी साखर पूर्णपणे शोषता येत नाही, आणि उरलेली साखर शरीरातलेच पाणी आतड्यात ओढून घेते, त्यामुळे शौचाला अधिक पातळ होते. शिवाय जुलाबांवाटे जे सोडियम शरीरातून निघून जाते, ते या रसात फारच थोडे असते. वरून चिमूटभर मीठ घातल्याने ती उणीव भरून निघत नाही.

मग साखर असलेली जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, कशी चालते? तिथे सारे महत्त्व प्रमाणाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते, जोडीला पोटॅशियम आणि सायट्रेटचे क्षार असतात. ग्लुकोज आणि सोडियम आतड्याच्या पेशींत जोडीने शिरतात व त्यांच्यामागोमाग पाणीही शोषले जाते. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावण्यांत कॉलरा पसरला आणि सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी याच तत्त्वावरचे पाणी रुग्णांना पाजून असंख्य जीव वाचवले.

काकूंचे म्हणणे अगदीच निराधार नाही. चरकसंहितेत उसाचा रस शीत मानला आहे. पण तिथेच तो सारक, म्हणजे शौचाला पातळ करणारा, असाही सांगितला आहे, आणि चावून खाल्लेल्या उसाचा रस व यंत्रातून काढलेला रस यांत फरक करून यंत्रातला रस विदाह, म्हणजे जळजळ, करतो, असे म्हटले आहे. जुलाब होणाऱ्या माणसाला सारक पदार्थ देणे कोणत्याही शास्त्रात बसत नाही.

मला अधिक काळजी वाटते ती स्वच्छतेची. नीट न धुतलेला ऊस, माश्या बसलेले रस काढायचे यंत्र, कोणत्या पाण्याचा आहे हे ठाऊक नसलेला बर्फ, यांतून जंतू थेट ग्लासात उतरतात. कावीळ झाली की रस पाजण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. पण काविळीचे हिपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू मुख्यतः दूषित अन्नपाण्यातूनच पसरतात, हे या संदर्भात विसरू नये.

पुन्हा जुलाब झाल्यास ओआरएसचे पूर्ण पाकीट, त्यावर छापलेल्या मापाच्या उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवावे, घोटघोट पाजावे आणि २४ तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घ्यावे. चमचा चहाचा असावा. मीठ घातलेली पेज, मऊ भात, मुगाचे वरण, केळे हेही द्यावे. उपाशी ठेवू नये. वृद्धांना तहान कमी लागते, त्यामुळे ते मागतील तेव्हाच पाणी द्यायचे, असे करू नका. शौचातून रक्त पडणे, ताप, लघवी कमी होणे, सततची उलटी किंवा गुंगी यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. त्यांना रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर त्या चालू ठेवाव्यात की काही दिवस थांबवाव्यात, हेही डॉक्टरांनाच लगेच विचारावे.

शौच काही दिवस नेहमीसारखे झाले आणि मधुमेह नसेल, तर डोळ्यांसमोर काढलेला, बिनबर्फाचा लहान ग्लासभर रस अधूनमधून घ्यायला हरकत नाही.