तार सप्तकात घरच्या घरी प्रयोग करताना

तुमच्या प्रश्नाचा मुद्दा असा आहे की, गुरुजी तूर्त तार षड्जाच्या (वरच्या सप्तकातल्या ‘सा’च्या) वर जाऊ देत नाहीत, तुम्हाला मात्र पुकार (वरच्या स्वरावर आर्ततेने घातलेली साद) आणि थोडा खरखरीत लगाव (स्वर लावण्याची ढब) घरी करून पाहावासा वाटतो, आणि त्यात आवाज कायमचा बसेल अशी भीतीही वाटते. माझे मत असे की प्रयोग अवश्य करावेत. स्वर अपरिचित आहे म्हणून गळ्याला सहसा इजा होत नाही. ती होते तो स्वर किती जोराने आणि किती वेळ लावला यावरून.

काळी एकमध्ये (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीचा ‘सा’ धरून) गाताना तुमचे स्वरतंतू मध्य षड्जाला सेकंदाला सुमारे १३९ वेळा, तार षड्जाला २७७ वेळा आणि तार पंचमाला ४१५ वेळा एकमेकांवर आदळतात. जोर वाढला की प्रत्येक आघात मोठा होतो, आणि त्यातूनच कालांतराने तंतूंवर गाठी धरतात. म्हणून एका वेळी एकच गोष्ट वाढवावी: उंची नवी असेल तर आवाज हलका ठेवावा, वेळ चार-पाच मिनिटांचाच असावा, आणि हलक्या आवाजात तो स्वर सहज लागू लागल्यावरच ताकद लावावी.

सुरुवात पाण्याच्या ग्लासात बुडवलेल्या स्ट्रॉने करावी. स्ट्रॉचे टोक पाण्यात दोन बोटे खोल ठेवून मध्य पंचमापासून तार गंधारापर्यंत मींड (स्वरावरून स्वरावर सलग घसरत जाणे) घ्यावी आणि बुडबुड्यांकडे लक्ष ठेवावे. ते एखाद्या स्वराला अडखळले किंवा थांबले, तर तिथे तुम्ही गळा आवळत आहात असे समजावे. लगेच तोच स्वर ‘ऊ’ने आणि मग आकाराने (‘आ’ उच्चारून) लावावा. इथे मनसोक्त शोध घ्यावा: जबडा सैल सोडून पाहावा, आकार किंचित ओकाराकडे झुकवावा, हनुवटी वर-खाली करून पाहावी, आणि सगळे मोबाइलवर रेकॉर्ड करावे. कमी श्रमात स्वर लागला तो कोणत्या बदलाने, हे दुसऱ्याने कितीही समजावले तरी स्वतः चाचपडल्याशिवाय अंगात मुरत नाही. खरखरीत लगाव मात्र सर्वांत शेवटी, एखाद्या छोट्या जागेपुरताच (स्वरांच्या लहानशा लकेरीपुरताच) घ्यावा. खाज, खोकला किंवा ठणका जाणवताच थांबावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तार षड्ज अगदी हळू ‘ऊ’ने लावून पाहावा. आवाजाआधी नुसती हवा निसटत असेल, तर तंतूंना सूज आहे असे धरून त्या दिवशी प्रयोग बंद ठेवावेत. दुखणे दाबण्यासाठी गोळी घेऊन रियाज करणे मला घातक वाटते, कारण थांबण्याची सूचनाच त्यामुळे मिळत नाही. गाता गाता आवाज एकाएकी गेला तर मौन पाळून विनाविलंब कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे, कारण तंतूत रक्तस्राव झालेला असू शकतो; घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तरीही दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी.

धाडसाचा दाखला म्हणून आपल्याकडे गायक वसंतराव देशपांडे यांचे नाव हमखास घेतले जाते. ते योग्यच आहे. पण नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांची पायाभूत तालीम झाली होती आणि पुढेही ते अनेकांकडून शिकत राहिले, ही बाजू सांगायची राहून जाते.

आणखी एक गोष्ट. रियाजात जपलेला गळा नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीत ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडून तासाभरात बसवणारे गायक मी पाहिले आहेत. गोंगाटात स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि जोर नकळत वाढत जातो. त्या मानाने बंद खोलीतला तुमचा तार गंधार पुष्कळ निरुपद्रवी आहे. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हाळ्यात पाणी दिवसभर प्यावे, कारण घोट घेतलेले पाणी थेट तंतूंवर पडत नाही, ते शरीरातूनच तिथवर पोहोचते.

गुरुजींपासून हे लपवू नका. बंदी गळ्याच्या काळजीने आहे की मध्य सप्तक अजून स्थिर नाही म्हणून, हे त्यांना एकदा नीट विचारा आणि विचारताना आठवड्याभराचे रेकॉर्डिंग ऐकवा. मध्य सप्तक स्थिर नाही हे कारण असेल, तर स्ट्रॉचा सराव चालू ठेवून रियाजाचा बाकी वेळ मध्य सप्तकालाच द्यावा.