वसुलीला पोरगा ठेवू का?

एकट्याने धंदा उभा करणारी माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा सुरुवातीला धंद्याचं काही बोलत नाहीत. झोप लागत नाही, ॲसिडिटी होते, मुलांवर उगाच हात उगारला जातो, असं काहीबाही सांगतात. मग हळूच प्रश्न येतो, ‘सगळं मीच करते, आता झेपत नाही. कोणतं काम स्वतःकडे ठेवू, कोणतं बाहेर देऊ?’ जळगाव-धुळ्याकडे घरगुती उद्योग करणाऱ्या बायकांकडून हा प्रश्न मी वारंवार ऐकते, म्हणून अमळनेरच्या एका ताईंची हकीगत इथे लिहिते आहे. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई खान्देशी काळा मसाला, उडदाचे पापड आणि ज्वारीचे बिबडे करून विकतात. माल तालुक्यातल्या किराणा दुकानांत जातो, शिवाय सुरतेला. पोटापाण्यासाठी सुरतेत जाऊन राहिलेली खान्देशी कुटुंबं पुष्कळ, त्यामुळे नातलगांच्या ओळखीने तिथली मागणी वाढत गेली. मिरची आणायला नंदुरबारच्या पथाऱ्यांवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या मैदानांवर, ताई स्वतः जायच्या. देठ खुडणं, कांदा-खोबरं भाजणं, कांडप करून आणणं, पाकिटं भरणं, व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी, जीएसटी, सगळं एकटीच्या अंगावर. अमळनेरात कुणी धंदा काढला की कोणीतरी विप्रोचं नाव काढतंच, कारण 1945 मध्ये ती कंपनी याच गावात वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरू झाली. कौतुकानेच बोलतात लोक. पण रात्री एक वाजता पाकिटं चिकटवत बसलेल्या बाईला त्याचं ओझंच होतं. “दिवा मालवला तरी मना जीव घाबरस,” ताई म्हणाल्या.

त्या आल्या तेव्हा उत्तर ठरवूनच आल्या होत्या. वसुलीला एक पोरगा ठेवायचा, बाकी सगळं आपणच करायचं. दुकानदारांकडे 40 हजारांच्या वर उधारी अडकली होती. पोरगा टक्क्यावर काम करायला तयार होता. मी फक्त ‘हो’ म्हणावं, एवढीच अपेक्षा होती.

धंद्याचा सल्ला देणं माझं काम नाही, ते मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पण ठरवण्याआधी एक आठवडा वही ठेवा म्हटलं. कोणतं काम केलं, किती वेळ गेला आणि त्याला हात घालण्याआधी मनाला कसं वाटलं, एवढंच लिहायचं. हा तिसरा रकाना बहुतेकांना फालतू वाटतो. माझ्या अनुभवात खरी माहिती तिथेच सापडते.

ताईंच्या वहीत पाकीट भरण्याचं काम रोज होतं, रात्री दहानंतर, आणि पुढे लिहिलं होतं, ‘बरं वाटतं, कुणी बोलत नाही’. जीएसटीपुढे ‘डोकं दुखतं’. भाजणीपुढे ‘मन लागतं’. दुकानदारांना फोन करण्याची नोंद आठवडाभरात एकदाही नव्हती. विचारलं तर म्हणाल्या, “नंबर काढते, मग वाटतं आधी पाकिटं भरून घेऊ.”

आता बघा, त्या जे काम सोडायला निघाल्या होत्या ते त्या करतच नव्हत्या. आणि जे जिवापाड धरून ठेवलं होतं ते गल्लीतली कुठलीही नीटस बाई किलोमागे मजुरी घेऊन करू शकली असती. भीती वाटणारं काम टाळलं की लगेच हायसं वाटतं, म्हणून पुढच्या वेळी ते आणखी टाळावंसं वाटतं. त्या जागी आपण दुसरं, हाताला सवयीचं काम भरतो आणि दिवसभर राबल्याचं समाधानही मिळतं. आळशी माणसाचं हे दुखणं नव्हे. ताईंसारख्या कष्टाळू माणसांनाच ते जास्त होतं, कारण थकवा खरा असतो आणि कुणी बोट ठेवू शकत नाही.

म्हणून कामं वाटताना ‘मला काय आवडतं’ किंवा ‘मला काय जमतं’ इथून सुरुवात करू नका, असं मी सांगते. दोन गोष्टी विचारा. हे काम बिघडलं तर मला कधी कळेल? आणि बिघडलंय हे मला स्वतःला ओळखता येईल का? पाकीट नीट चिकटलं नसेल तर हातात घेताच कळतं, तेव्हा ते खुशाल द्यावं. भाजणीचं तसं नाही. कांदा-खोबरं काळपट व्हायला हवं, पण जळता कामा नये. जरा जास्त झालं की मसाला कडसर होतो, आणि गिऱ्हाईक तक्रार करत नाही, पुढच्या वेळी दुसऱ्याकडून घेतं. कळेपर्यंत हंगाम संपलेला असतो. असं काम निदान सुरुवातीची वर्षं आपल्याच नजरेखाली हवं.

जीएसटीचं काम त्यांनी द्यायलाच हवं होतं. पापडावर कर नाही, पण मसाल्यावर 5 टक्के आहे, आणि करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. सुरतेमुळे त्या त्यात आल्या. विवरण चुकलं की विलंबशुल्क दिवसागणिक वाढत जातं. हिशेब लिहिणाऱ्याला महिन्याचे पैसे देणं त्यापुढे स्वस्त. मात्र पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ईमेल आपलाच ठेवायचा. सल्लागार सोयीसाठी स्वतःचा नंबर टाकतात, मग ओटीपी त्यांच्याकडे जातो, पुढे बिनसलं की आपल्याच धंद्याचं दार आपल्याला उघडत नाही. विवरण कुणीही भरो, जबाबदारी मालकाचीच राहते. तसंच उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारदरबारी होणारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते. तिच्यासाठी कुणी हजार-दोन हजार मागितले तर देऊ नका, हे मी समोर येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

उलट टोकाचीही माणसं भेटतात. धुळ्याच्या एका तरुणाने सोलर पंप बसवण्याचा धंदा काढला आणि पहिल्याच महिन्यात जाहिरात, विक्री, हिशेब, सगळं वाटून टाकलं. हाताशी पैसा होता. वर्षाच्या आत तो माझ्यासमोर बसला होता आणि आपला पंप घेतलेल्या एकाही शेतकऱ्याचं नाव त्याला सांगता येत नव्हतं.

वसुलीकडे येते. देणेकऱ्यांविरुद्ध कायदा आहे. 2006 च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याने उद्यम नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. पण रोज रामराम घालणाऱ्या दुकानदाराला ताई काही कायदा दाखवणार नव्हत्या, आणि त्याची गरजही नव्हती. आम्ही यादी केली, सगळ्यात सोपा दुकानदार वर, सगळ्यात तिखट तोंडाचा खाली. पहिला फोन त्यांनी माझ्यासमोरच लावला. तळहात ओढणीला पुसत होत्या.

दुकानदार म्हणाला, “अहो ताई, मी तुमच्या फोनचीच वाट पाहत होतो. पैसे घेऊन जा. पण तुमच्या मसाल्याचे गोळे होताहेत, पाकिटाचं तोंड नीट बंद होत नाही. चार गिऱ्हाइकांनी परत आणलं.”

फोन ठेवल्यावर ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे रात्री मी जे भरते तेच.” टक्क्यावर ठेवलेल्या पोराने पैसे आणले असते, ही गोष्ट आणली नसती. आणली तरी ती सांगायची कुणाला, हे त्याला ठाऊक नसतं. गिऱ्हाइकाशी आणि दुकानदाराशी बोलणं एकट्या मालकाने इतरांवर सोपवू नये असं मला ठामपणे वाटतं, ते यासाठी. भाव ठरवण्याचंही तेच.

पाकिटं आता शेजारच्या दोघी दुपारी भरतात. पहिला महिना ताई प्रत्येक पाकीट दाबून बघत. आता ढिगातली दोन-चार उचलतात. फोनसाठी सकाळची वेळ ठरली आहे, चहा झाला की. यादीतल्या शेवटच्या दोघांकडचे पैसे अजून आलेले नाहीत, त्यातला एक देईल असं त्यांनाही वाटत नाही. झोप सुधारली आहे, पण सुरतेची मोठी ऑर्डर आली की पुन्हा दोन-तीन रात्री खराब जातात.

एका गोष्टीवर आमचं अजून जमलेलं नाही. भाजणी नजरेखाली ठेवा म्हटलं, त्याचा अर्थ ताईंनी कढईला दुसऱ्याने हात लावायचाच नाही असा घेतला आहे. मागे ताप आला तेव्हा आठ दिवस माल निघाला नाही. नणंदेला शिकवा, तुमच्या डोळ्यांदेखत तिला भाजू द्या, एखादा घाणा कडू झाला तर होऊ दे, असं मी म्हणते आहे. सासूबाईंनी मला शिकवायला चार वर्षं लावली, असं त्या म्हणतात. नवी मिरची यायच्या आत नणंदेला एकदा घेऊन यायचं एवढं मात्र त्यांनी कबूल केलं आहे.